नेमून दिलेलं घर

“आता बोटसुद्धा हलवायचं नाय,” सगुणा म्हणाली.

हैबतराव खाटेवर उताणे पडले होते. बाकीचे नवे स्वयंसेवक भिंतीला टेकून बघत होते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी जाऊन सेवा कशी करायची, हे सगुणा रोह्याच्या एका संस्थेत शिकवायची. आधी स्वतः रोगी व्हायचं, हा तिचा पहिला धडा.

“माशी बसली तरी हात उचलायचा नाय. काय मागायचं नाय. आपल्याला वाचाच नाय असं समजा.”

बाकीच्यांना तिने थोड्याच वेळात उठवलं होतं. हैबतरावांना मात्र तसंच ठेवलं आणि सगळ्यांना घेऊन ती चहाला गेली. वैशाखातली दुपार, वर तापलेला पत्रा. ती परत आली तेव्हा म्हातारा हलला नव्हता. उशी घामाने भिजली होती आणि ओठाच्या कडेला माशी चालत होती.

“कसं वाटलं?”

“तहान लागली होती.”

“मग?”

“कोणतरी येईल म्हणून वाट बघितली.”

सगुणाने तांब्या पुढे केला नाही. “माठ तिकडं हाय,” एवढंच म्हणाली.

तिने त्यांना पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पेणच्या खाडीवरच्या मिठागराचे मुकादम. तेव्हा मिशा काळ्या होत्या आणि आवाज बांधाच्या या टोकापासून त्या टोकाला पोचायचा. त्यांनी तिला ओळखलं नाही. गड्यांच्या बायकांकडे त्यांनी कधी मान वळवून बघितलंच नव्हतं.

ट्रकमध्ये मीठ भरताना रघू, तिचा नवरा, गोणीसकट फळीवरून घसरला आणि डोक्यावर आपटला. ती भाकरी घेऊन आली तेव्हा तो बांधावर पडलेला होता. तिने मुकादमाचे पाय धरले. “माल वडखळला पोचू दे,” मुकादम म्हणाले, “मग गाडी पाठवतो.” ट्रक गेला. दुपारपर्यंत रघू पाणी मागत होता. मग मागायचा थांबला. गाडी आली ती दिवस कलताना. पेणचे डॉक्टर म्हणाले, “सकाळीच आणायचं होतं.”

त्यानंतर खाडीकाठचं खोपट सोडून ती रोह्याला भावाच्या घराशेजारी राहायला आली. घरात बोलणारी ती एकटीच उरली.

आता तोच माणूस तिच्यासमोर भांडं घासायला बसला होता. रोग्याच्या शौचाचं भांडं. ते स्वच्छ घासलेलं असलं तरी ती परत घासायला लावायची. चादर बदलताना सुरकुती राहिली की सगळी खाट उसकटायची. इतरांना ती चुकलं तर हसून सांगायची.

“अगो, पळून जाईल तो माणूस,” संस्था चालवणाऱ्या विमलबाई म्हणाल्या.

“नाय जाणार.”

हैबतराव खरंच गेले नाहीत. एकदा पडून पडून पाठीला होणारी जखम पुसायला शिकताना त्यांनी कापूस बाजूला ठेवला.

“आमची चंद्रावती दोन वर्षं अंथरुणात होती,” ते हळू म्हणाले. “तुमच्या संस्थेची बाई येऊन तिचं सगळं करायची. मी दाराबाहेर उभा राहायचो. आत जायची हिंमत नाय झाली. ती गेली, मग वाटलं, निदान आता शिकावं.”

सगुणाने त्या दिवशी शिकवणं लवकर आटोपलं. माणूस अजून तसाच माजोरी असता तर तिला सोपं गेलं असतं. तिने स्वतःलाच मन बदलायची एक संधी दिली. दुसऱ्या दिवशी कापूस गुंडाळता गुंडाळता सहज विचारावं तसं विचारलं, “तुम्ही मिठागरावर होता ना? तिथं कोणाला कधी मोठी इजा झाली का?”

हैबतरावांनी आठवून बघितलं. अगदी मनापासून आठवून बघितलं.

“नाय बाई. माझ्या वेळी तसं कधी काय झालं नाय.”

सगुणाने कापसाची गुंडाळी खाली ठेवली. तिला त्यांचा राग आला नाही. त्याच्या पलीकडचं काहीतरी आत गार होऊन बसलं.

शिक्षण संपलं त्या दिवशी विमलबाईंनी सगळ्यांकडून शब्द घेतला. नेमून दिलेलं घर रोगी असेपर्यंत सोडायचं नाही. हैबतरावांनी तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने दिला.

“यांना घर मी देते,” सगुणा म्हणाली.

कोणतं ते विमलबाईंना कळलं. त्यांनी घरांची वही मिटली. “इतकी वर्षं ते कोणाला दिलं नाहीस.”

“आता द्यायचंय.”

“रोग्याला विचारलंस?”

“काल विचारलं. पयल्यांदा भिंतीकडं तोंड फिरवलं. मग होकाराची मान हलवली.”

दोघं चालत निघाली. वाटेत सगुणा शिकवल्यासारखं सांगत होती. सकाळी अंग पुसायचं, कूस बदलायची, पेज भरवायची. परका हात लागला की ते तोंड मिटून घेतात. थुंकतील. चिडायचं नाय.

“किती दिवस करायचं?”

“डॉक्टर म्हणतात, प्रकृती चांगली हाय. पुष्कळ जगतील.”

“करीन मी,” हैबतराव म्हणाले. “आता दुसरं काय राहिलंय मला?”

कौलारू घरापाशी ती थांबली. दार नुसतं लोटलेलं होतं. आत खिडकीपाशी खाट होती आणि खाटेवर एक वाळलेला माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता. हैबतरावांनी चपला बाहेर काढल्या, शिकवल्याप्रमाणे हात धुतले आणि वाकून नमस्कार केला.

“बोलता येत नाय त्यांना,” सगुणा म्हणाली, “पण माणूस बरोबर ओळखतात.”

रघूने सावकाश मान वळवली आणि आपल्या मुकादमाकडे पाहिलं.