उरलेला प्याला

"सायन्सच्या तासाला माणूस माकडापासून झाला, असं शिकवतोस? पाळकाचा मुलगा असून?"

"हो, पप्पा. देवानंच तसं घडवलं असेल तर?"

पाळकांनी मेणबत्तीचं पितळी स्टँड उचललं आणि अमोसच्या तोंडावर हाणलं. दात तुटून फरशीवर पडला. तेवढ्यात उपासनेची घंटा वाजली.

चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीत द्राक्षारसाचा प्याला घ्यायला अमोस रांगेत शेवटी गुडघे टेकून बसला. आता पाळकांनी त्याला वगळलं, तर तो चर्चच्या मंडळीतून कायमचा तुटणार होता.

"ख्रिस्ताचं रक्त, तुझ्यासाठी सांडलेलं," ते पुटपुटले आणि प्याला पुढे केला. अमोसनं घोट घेतला. फुटलेल्या ओठाचं रक्त काठावरून आत ओघळलं.

उरलेला द्राक्षारस पाळकांनीच संपवायचा, अशी रीत. त्यांनी काठ पुसायला रुमाल घेतला, थांबले, तो खाली ठेवला आणि प्याला तोंडाला लावला.