गिझरचा टायमर

आंघोळ करून मुलगा बाहेर आला की वडील पेपरआडून विचारायचे, "गिझर बंद केलास का?" तो म्हणायचा, "विसरलो." मग दहा मिनिटं विजेची उधळपट्टी, त्याचा विसराळूपणा आणि त्याची अख्खी पिढी, सगळ्यांचा उद्धार व्हायचा.

शेवटी वैतागून त्याने वायरमनला बोलावलं. वायरमनने गिझरचं तापमान उतरवलं, गरम पाण्याच्या पाइपाला फोम गुंडाळला आणि वीस मिनिटांनी आपोआप बंद होणारा टायमर बसवला.

"काका, आता ओरडायचं कामच उरलं नाही," वायरमन वडिलांना म्हणाला.

खरंच उरलं नाही. पंधरा दिवस घरात चिडीचूप. मुलगा आंघोळ करायचा, वडील पानं उलटायचे, मुलगा कामाला जायचा.

सोळाव्या दिवशी गिझर आपोआप बंद होईना. मुलाने टायमरचं झाकण उघडलं. टायमर वगळून वायरी थेट जोडल्या होत्या, आणि जोडावर चिकटपट्टी होती, टोक दुमडलेली. घरात टोक दुमडायची सवय एकाच माणसाला होती.

त्याने झाकण लावून स्क्रू घट्ट केले, आंघोळ उरकली आणि गिझर तसाच चालू ठेवून बाहेर आला.

"बंद केलास का?" पेपरआडून आवाज आला.

"विसरलो," म्हणत तो खुर्ची ओढून ऐकायला बसला.