बोटीवरच्या आचाऱ्याचं गाणं

“यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही,” प्लंबर माईकमध्ये म्हणाला, “पण आता म्हणणार आहे ते गाणं एका बोटीवरच्या आचाऱ्यानं केलंय. समुद्र खवळलेला, पातेली इकडून तिकडे नाचतायत, आणि हा पठ्ठ्या एका हातानं कढई सावरत दुसऱ्या हातानं भिंतीवर कोळशानं गाणं लिहितोय!”

हॉटेलातली सगळी टेबलं हसली. काटे-चमचे थांबले. प्लंबरनं गिटार जुळवली.

आचारी कधी नव्हताच. बोटही नव्हती. प्लंबरनं समुद्रसुद्धा फक्त कॅलेंडरावर पाहिला होता. गाणी त्याची स्वतःची होती. लोकांच्या सिंकखाली उताणा पडून, दातांत टॉर्च धरून तो ती जुळवायचा.

थापेला सुरुवात झाली ती तालमीत. दर शनिवारी या हॉटेलात वाजवणारा त्यांचा हौशी बँड तोवर दुसऱ्यांचीच गाणी वाजवायचा. जेवणाऱ्याला ओळखीचं गाणं लागतं, असं हॉटेलमालकाचं म्हणणं. एके दिवशी प्लंबरनं धीर करून स्वतःचं गाणं म्हणून दाखवलं.

“कुणाचं हो हे, दाजी?” ड्रमवर बसलेल्या मेहुण्यानं विचारलं.

गाणं होतं बायकोवर. म्हणजे ज्याच्या बहिणीवर केलं, तोच समोर दोन काठ्या घेऊन बसलेला. प्लंबरची बोबडी वळली आणि तोंडातून निघून गेलं, “एक होता बोटीवरचा आचारी...”

सोय मोठी झक्क झाली. गाणं पडलं तर आचारी पडला. चाललं तर आपल्याला आतल्या आत गुदगुल्या. आणि गाणी चालली. लोक चिठ्ठ्या पाठवून आचाऱ्याची गाणी मागू लागले. मग दर शनिवारी आचाऱ्यात भर पडत गेली. त्याला एक खाष्ट मावशी मिळाली, दोनदा बोट बुडाली, मध्येच एक लाकडी पायही फुटला.

कीबोर्ड वाजवणाऱ्या डेंटिस्टबाईंना मात्र काहीतरी खुपत होतं. “गाणी छान आहेत,” त्या म्हणायच्या, “पण तुम्ही ती दुसऱ्याच्या घरात खुर्चीच्या कडेवर बसल्यासारखी म्हणता. जरा मागं टेका की!”

“परक्याची वस्तू जपून वापरावी, बाई,” प्लंबर म्हणायचा.

एकदा हॉटेलातून घरी जाताना बायको म्हणाली, “नशीब काढलं हो त्या आचाऱ्याच्या बायकोनं.”

“का?”

“ते कुलपाचं गाणं नाही का? तिचं कुलूप ओढून बघणंसुद्धा कुणीतरी बघत होतं. नाहीतर आमच्याकडे! मी केस कापून आले तर चार दिवसांनी विचारता, बरं नाहीये का म्हणून.”

प्लंबरच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आता सांगायचं म्हणजे इतक्या शनिवारांच्या थापा एका घासात गिळायच्या. शिवाय ती म्हणणार, ‘मेलं, मला हसताय.’ त्यानं शब्द परत आत ढकलले. गळती बंद करण्यात त्याचा हात धरणारं तसंही कुणी नव्हतं.

आज त्यानं तेच गाणं घेतलं होतं.

‘लावलेलं कुलूप परत येऊन ओढतेस,
जणू आत कुणी राहून गेलंय.’

बायको पुढच्याच टेबलाशी बसली होती. प्रत्येक ओळ ओठांतल्या ओठांत म्हणत होती. टाळ्या थांबेनात. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा उठला. मिशीला लागलेलं सूप पुसत सरळ पुढं येऊन त्यानं माईक हातात घेतला.

“मी ओळखायचो त्या आचाऱ्याला,” म्हातारा म्हणाला.

प्लंबरच्या हातातली गिटार छेडायची पट्टी खाली पडली.

“त्याच बोटीवर मी भांडी घासायला होतो. ती कढई, तो कोळसा, सगळं खरं! लाकडी पाय तर मीच तासून दिला.”

हॉटेलात एकच कल्ला. मेहुण्यानं झांजेवर दणका दिला. मालक स्वतः खुर्ची घेऊन धावला. प्लंबर आधी गांगरला आणि मग त्याला हायसं वाटलं. न मागता साक्षीदार चालून आला होता! आता नुसती मान डोलवायची. मग जन्मात कुणी शंका घेणार नाही.

त्यानं मान डोलवली.

“आणि त्या गाण्यातली ती बाई?” मालकानं विचारलं. “त्याची बायको ना?”

“छे हो!” म्हाताऱ्यानं डोळा मारला. “बायकोवर कोण गाणी करतं? शेजारीण होती ती. बायकोसाठी त्यानं अख्ख्या जन्मात एक ओळ केली नाही.”

सगळे पोट धरून हसले. मेहुणा तर ड्रमवर आडवा पडला.

पुढच्या टेबलाशी मात्र कुणी हसलं नाही. “तरीच,” बायको एवढंच पुटपुटली. मग तिनं मांडीवरचा रुमाल उचलला, घडी घालून ताटलीशेजारी ठेवला आणि टेबलाखाली पर्स शोधायला लागली.

“पुढचं कोणतं घ्यायचं, दाजी?” मेहुण्यानं काठ्या उचलल्या.

“खोटं!”

माईक अजून म्हाताऱ्याच्या हातात होता, तरी आवाज पार स्वयंपाकघरापर्यंत गेला. डेंटिस्टबाईंची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

“साफ खोटं!” प्लंबर ओरडला. “कसली शेजारीण? हिच्यावर केलंय मी ते गाणं!”