एक खाच बाहेर

"पाना उलटा धरलाय, जावईबापू," सासरे म्हणाले.

जावयाने वर न पाहता पाना सुलटा केला. बॉनेट उघडे होते, पुढचे उजवे चाक काढून भिंतीला टेकवलेले, आणि जॅकवर उचललेली गाडी नाल ठोकून घेणाऱ्या जनावरासारखी निमूट उभी होती. तडे गेलेले दोन जुने पट्टे फरशीवर पडले होते. नवे दोन्ही चढवून झाले होते. बाहेरच्या, स्टेअरिंगच्या पंपाला फिरवणाऱ्या पट्ट्याला ताण देणे तेवढे उरले होते.

दुपारी लेकीला घाटापलीकडच्या इस्पितळात मुलाखतीला जायचे होते. परिचारिकेची जागा. लग्नानंतर घरी बसलेल्या तिला आलेले हे पहिलेच बोलावणे. बस सकाळीच निघून गेली होती.

सासरे बुटक्या स्टुलावर, काढलेल्या चाकाच्या रिकाम्या जागेसमोर बसले होते. गाडी त्यांनीच लेकीला दिलेली. तिचे पट्टेही वर्षानुवर्षे तेच बदलत आलेले. हात थरथरू लागल्यापासून त्यांच्यापाशी फक्त बघणे उरले होते, आणि त्या बघण्याला त्यांनी धार लावून ठेवली होती.

"व्हिडिओत दाखवलं तसंच करतोय, अप्पा."

"व्हिडिओतल्या गाडीला घाट चढायचा नसतो."

"आणि ही चढेल ती तुम्हाला विचारून चढेल काय?"

जावई हसला. त्या हसण्यात म्हाताऱ्यांसाठी राखून ठेवलेली सहनशीलता होती. सासऱ्यांना एखादी शिवी चालली असती.

जावयाने लोखंडी दांडी अडकवून पंप बाहेर रेटला, दुसऱ्या हाताने बोल्ट आवळला आणि पट्ट्याच्या मध्यावर अंगठा दाबून पाहिला. पट्टा बोटभर दबला. "बघा. ना सैल, ना घट्ट." ताण खरोखरच नेमका होता. सासऱ्यांना ते मुळीच आवडले नाही.

मग त्यांची नजर खाली घसरली. सगळ्यात खालची पुली वरून वाकणाऱ्याला दिसत नाही. बुटक्या स्टुलावरून ती लख्ख दिसते. तिच्यावर पट्टा एक खाच बाहेर बसला होता. त्याची कड पुलीच्या काठावरून अधांतरी लोंबत होती. असा पट्टा दारात उभ्या गाडीत गोड गुणगुणतो. चढणीला लागला की कडेने सोलत जातो आणि ऐन वळणावर तुटतो. मग हातातल्या स्टेअरिंगचा दगड होतो.

सासऱ्यांनी तोंड उघडले आणि मिटले.

एका वाक्याचा प्रश्न होता. अप्पा, जरा बघता का? लग्न झाल्यापासून ते वाक्य जावयाच्या तोंडून कधी बाहेर पडले नव्हते. आज पडले की ते सांगणार होते. नुसते बोट दाखवून, मोठ्या मनाने. तोवर गप्प राहण्याला एक चव होती. ती ते जिभेवर घोळवत राहिले.

"काही म्हणालात?"

"मी कशाला म्हणू? नाचणाऱ्याला अंगण सरळ दिसतंय, मग झालं."

जावयाने चाक उचलले. बसवण्यापूर्वी त्याने आत पाहिलेही, पण चाक बोल्टांवर बसेल की नाही एवढेच पाहिले. शीळ घालत त्याने नट आवळले. चाकाआड पुली दिसेनाशी झाली, तसे सासऱ्यांना हायसे वाटले. त्या हायसे वाटण्याची त्यांना लगेच शिसारी आली. तीही त्यांनी गिळली.

जॅक उतरला. इंजिन सुरू झाले. आवाज नितळ होता.

लेक बाहेर आली. इस्त्रीचा कुर्ता, काखेत फाइल.

"झालं?"

"फर्स्ट क्लास," जावई म्हणाला.

तिने वडिलांकडे पाहिले. "अप्पा, तुम्ही बघितलंत?"

"मला कुणी बघायला सांगितलं?"

ती दोघांकडे थोडा वेळ पाहत राहिली; एकाच किमतीला विकायला ठेवलेल्या दोन नगांकडे पाहावे तशी. मग ती स्टेअरिंगमागे बसली आणि हात लांबवून शेजारचे दार उघडले.

"बसा, अप्पा."

"मी? मी कशाला?"

"घाटात सोबत होईल. संध्याकाळी परत येऊ."

"माझ्या गोळ्या..."

"डबी खिशात आहे तुमच्या."

"आणि चप्पल..."

"पायात आहे."

"जा की, अप्पा," जावई हात पुसत म्हणाला. "तेवढाच हवापालट. आम्हालाही."

सासऱ्यांनी स्टुलाच्या कडा धरल्या. सांगायचे ते ओठापर्यंत आले होते. पण आता ते सांगायचे म्हणजे इतका वेळ आपल्याला ते ठाऊक होते, हेही सांगायचे. दार उघडे होते. पट्टा गुणगुणत होता. त्यांनी जावयाकडे पाहिले, अजूनही त्या एका वाक्याची वाट पाहत असल्यासारखे. आणि मग जमिनीकडे.

लेकीने इंजिन बंद केले. फाइल मागच्या सीटवर टाकली, खाली उतरली आणि कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या.

"चाक काढ," ती नवऱ्याला म्हणाली.

"आता? उशीर होईल तुला. का पण?"

"अप्पा बसत नाहीयेत."