चालीचा बाक

एलिफलेट मास्तरांनी नव्या गाण्याचे कागद वाटले. टॅम्सिनने ओळी पाहिल्या, सूर पाहिले आणि शेवटी खाली लिहिलेलं नाव पाहिलं. गाणं तिचं होतं. नाव मास्तरांचं होतं.

हिवाळ्यातल्या गाण्याच्या शाळेचा तो शेवटचा दिवस. प्रार्थनाघरात सगळे कोट घालूनच बसले होते. उजवीकडच्या बाकांवर पुरुष, डावीकडे बायका. चाल पुरुषांनी गायची, बायकांनी वरच्या सुरात साथ द्यायची, ही तिथली रीत.

टॅम्सिन उठून पुढे गेली.

"मास्तर, हे गाणं मी सूत काततानाच रचलं. तुम्हाला गाऊन दाखवलं. शब्द माझे, चालही माझी."

"अहो, पण साथीचे सूर कुणी बसवले? मीच ना?"

"कोटाला गुंड्या लावल्यात, म्हणून कोट तुमचा?"

बायकांच्या बाकावर कझाया फिसकन हसली. मास्तरांचे कान लाल झाले.

"चिडू नका बाई. सोमवारी माझं गाण्यांचं पुस्तक बॉस्टनला छापायला जातंय. या गाण्याखाली 'एका बाईची रचना' असं घालतो. मग तर झालं?"

"या गावात काय एकच बाई राहते?"

"तुमचं नाव छापलं तर लोक तुमच्या नवऱ्याला हसतील."

"त्याला विचारलंय मी. तो म्हणाला, हसू दे."

"पुरे! बसा जाऊन जागेवर."

टॅम्सिन वळली. पण डावीकडे गेली नाही. पुरुषांच्या पहिल्या बाकासमोर जाऊन उभी राहिली.

"अहो, तुमचा बाक तिकडे!"

"माझी चाल इथं गातात. मीही इथंच बसणार."

"बायकांनी चाल गायची रीत नाही!"

"रचायची तरी कुठं होती?"

कुणी जागचं हललं नाही. एकाने तर मुद्दाम गुडघे फाकवून आणखी जागा अडवली. मग टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या ओबेडने शेजारी ठेवलेली आपली टोपी उचलली आणि मांडीवर घेतली.

टॅम्सिन त्या जागी बसली. हातातला कागद तिने पालथा ठेवला. तो बघायची तिला गरज नव्हती.

मास्तरांनी ठेका द्यायला हात वर केला. तोवर तिने सुरुवात केली होती.

पहिली ओळ ती एकटीच गायली. दुसरीला ओबेडचा थरथरता आवाज येऊन मिळाला. बायकांच्या बाकावरून कझायाने साथ धरली, मग तिच्या शेजारणीने.

मास्तरांचा हात अजून हवेतच होता. तिसऱ्या ओळीला तो खाली आला, टॅम्सिनच्या ठेक्यावर.