नऊवारी

दर शनिवारी ओव्हरटाइमच्या नावाखाली दीनानाथ ऱ्युसेल्सहाइमहून फ्रँकफुर्टला जायचा आणि जिथे पुरुष बायकांच्या वेशात नाचत, त्या धुरकट बारच्या कोपऱ्यात बसायचा. २००४च्या एका शनिवारी एक सहाफुटी जर्मन चक्क नऊवारी नेसून स्टेजवर आला. पदरावरचा हळदीचा डाग दीनानाथने ओळखला. साडी त्याच्या बायकोची होती, लग्नातली. त्याला काहीच वाटलं नाही. हातातली बिअर तेवढी कोमट होत गेली.

सकाळी खालच्या मजल्यावरचा योनास ती साडी परत देऊन गेला. दीनानाथने पेपरातून डोकं वर काढलं नाही. विचारायचं, तर आपण कुठे होतो तेही सांगावं लागणार.

चहाचा कप पुढ्यात ठेवत सरिता म्हणाली,

“अहो, नाचताना त्याचा काष्टा सुटला नाही ना?”