वळणावरची शिट्टी

"इथं शिट्टी द्यायची," चुडामणकाका म्हणाले. "दोन छोट्या, एक लांब."

अनंतने गाडी थांबवली. पडद्यावर कसारा घाट होता, वर विजेची तार होती, बाजूला दरी होती. शिट्टी देण्याजोगं मात्र काहीच दिसत नव्हतं.

"इथं फाटक होतं का, काका?"

"नाही."

"मग बोगद्यासाठी?"

"बोगदा तर लई पुढे हाये. तूच लावला ना तो."

"मग शिट्टी कशाला?"

"द्यावी लागे," काका म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

अनंत बुऱ्हाणपुरात कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा आणि उरलेल्या वेळात रूळ टाकायचा. ट्रेन सिम्युलेटर नावाचा हा खेळ; त्यात ड्रायव्हरच्या जागी बसून गाडी हाकायची. लहानपणी कसाऱ्याला मामाकडे जाताना तो घाट त्याच्या मनात जो घुसला तो निघालाच नाही. आता ती विजेची लाईन पन्नासच्या दशकात होती तशी उभी करायची आणि दसऱ्याला इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली करायची, असा त्याने पण केला होता. "तिकडेच खोली बघा आता राहायला," असं त्याची बायको सुलभा म्हणायची. तो ऐकून घ्यायचा.

या छंदातली माणसं फार कडक. पुरावा नसेल तर एक खांबसुद्धा रोवायचा नाही, हा त्यांचा नियम. अनंत त्या नियमाला देवासारखा मानायचा. जे नव्हतं ते त्याच्या लाईनवर दिसणार नव्हतं.

चुडामणकाका सिंधीपुऱ्यात अनंतच्याच गल्लीत राहायचे. विजेच्या इंजिनाचे निवृत्त ड्रायव्हर, एकटा जीव. अनंतचे वडील होते तोवर रस्त्यात रामराम, इतकीच ओळख. पण अनंत कसारा घाट बनवतोय हे कानावर गेलं आणि काका आपण होऊन दारात उभे राहिले. सोन्यासारखा माणूस घरबसल्या मिळाला, म्हणून अनंत हरखून गेला.

आता मात्र तो चक्रावला होता. बाकी सगळं काका अचूक सांगायचे. चढ, उतार, सिग्नल, कुठे ब्रेक लावायचा, सगळं जुन्या फोटोंशी जुळायचं. फक्त हे एक वळण जुळत नव्हतं. काकांचा शब्द म्हणून अनंतने तिथे शिट्टीचा बोर्ड रोवला खरा, पण ते त्याच्या मनाला पटलं नव्हतं.

बरं, काकांचं वागणंही तऱ्हेवाईक. ते वळण आलं की म्हणायचे, "आवाज वाढव, मला कमी ऐकू येते." आणि स्वयंपाकघरात कुकर वाजला की पहिले तेच म्हणायचे, "झाला वाटते भात." शिट्टी देताना त्यांची नजर पडद्यावर नसायची, भलतीकडेच लागलेली असायची. नेमका तेव्हाच आत आईचा मिक्सर बंद पडायचा. वीज गेली की काय, असं अनंतला वाटायचं. पण कॉम्प्युटर तर चालू असायचा.

"आई, या आवाजाचा त्रास होतो का तुला?" त्याने एकदा आईला विचारलं. मथुराबाई भाकरी थापत होत्या.

"मला काय कळतंय त्यातलं. चालू दे तुझं."

दसरा जवळ आला तशी त्याने लाईन आधी तपासायला दिली. हैदराबादच्या एका जाणकाराचं उत्तर आलं. काम अप्रतिम आहे, पण वळणावरचा शिट्टीचा बोर्ड कुणाच्या सांगण्यावरून लावला? तिथे फाटक नाही, स्टेशन नाही, काहीच नाही. एक गोष्ट खोटी निघाली तर बाकीच्या गोष्टींवर कोण विश्वास ठेवणार?

अनंतला ते फार लागलं. इतक्या वर्षांची मेहनत एका बोर्डापायी मातीत जाणार होती. काकांचं वय झालं, आठवणींची सरमिसळ होते आहे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. संध्याकाळी काका आले तेव्हा त्याने चाचरत सांगितलं.

"काका, ती शिट्टी काढावी लागेल. कुठे पुरावाच सापडत नाही."

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"बरोबर हाये तुझं," मग ते म्हणाले. "खोटं नको ठेवू." आणि चहा न घेताच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. अनंतला वाईट वाटलं, पण काम थांबवून चालणार नव्हतं. बोर्ड काढून त्याने एकट्यानेच गाडी सोडली. आवाज होता तेवढाच मोठा ठेवला होता. गाडी वळणावर आली आणि गुपचूप पुढे निघून गेली.

आतला मिक्सर थांबला. थोड्या वेळाने मथुराबाई पदराला हात पुसत दारात आल्या.

"ते आले नाहीत आज?"

"नाही आले. रागावले असतील. ती वळणावरची शिट्टी काढली मी. खोटी होती, आई. काकांना आता नीट आठवत नाही."

मथुराबाई काकांच्या खुर्चीवर बसल्या. इतक्या महिन्यांत त्या पडद्यासमोर पहिल्यांदाच बसत होत्या.

"गाडी मागे घेता येते का रे?"

अनंतने गाडी वळणावर आणून उभी केली. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं. मग पडद्यावर उताराच्या खालच्या झाडीला बोट लावलं.

"इथं रूळ राखणाऱ्या गँगवाल्यांच्या खोल्या होत्या. तू दाखवल्याच नाहीस."

"तुला कसं माहीत?"

"माझे वडील त्याच गँगमध्ये होते. कसाऱ्याला घर बांधायच्या आधी तिथंच राहायचो आम्ही."

आईने पडद्यावरची नजर काढली नाही.

"शिट्टी परत लाव, अनंता," ती म्हणाली. "माझ्या लग्नाचा दिवस सोडला, तर त्यांनी ती कधी चुकवली नाही."